श्रद्धा खुंटीला टांगायची का?

(द्वितीय वर्ष कला)

धर्म आणि राजकारण हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडची शहाणीसुरती माणसे लगेच कानांवर हात ठेवतात. 'धर्म ज्याने त्याने आपल्या घरात पाळावा. बाहेर पडताना तो टोपीसारखा खुंटीला अडकवावा आणि मगच चावडीवर यावे,' असा सल्ला आपण वर्गात, व्याख्यानांत, वक्तृत्वस्पर्धांत नेहमी ऐकतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. धर्माच्या नावाने पेटलेली घरे ज्यांनी पाहिली त्यांनी असे म्हणावे हे स्वाभाविकच आहे. तथापि हा सल्ला अर्धाच खरा आहे, अशी माझी नम्र समजूत आहे. उरलेला अर्धा कोणता, ते शोधण्याचा हा प्रयत्न.

मी कॅथॉलिक ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेली मुलगी आहे. त्यामुळे जे लिहीन ते त्या बाजूने दिसलेले असेल. पण मी वाढले मुळशी तालुक्यात, आणि या तालुक्याच्या मातीलाही या विषयावर बोलण्याचा हक्क आहे. आम्हा दोघींचेही ऐकून घ्यावे, एवढीच वाचकांना विनंती.

प्रथम थोडी ओळख द्यायला हवी, कारण ती बहुतेकांना नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार भरले; म्हणजे शंभरांत एकही पुरता नाही. त्यातही कॅथॉलिक वेगळे, प्रॉटेस्टंट वेगळे. त्यामुळे आमचा धर्म कळला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'तुम्ही मूळचे गोव्याचे का?' आणि दुसरा, 'मग घरात इंग्लिश बोलता का?' आमच्या घरात इंग्लिश पुस्तक आणणारी मी पहिली आणि महाविद्यालयाची पायरी चढणारीही मीच पहिली. आजोबा श्रीरामपूरकडचे, उसाच्या फडात राबलेले. वडील पिरंगुटच्या कारखान्यात कामाला आले आणि आम्ही मुळशीकर झालो. आजीला इंग्लिशचा एक शब्द येत नाही. तिची जपमाळ मराठीत आणि देवाशी भांडणही मराठीतच. सप्टेंबर आला की तिचे पाय हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेकडे वळतात, जसे शेजारच्या काकूंचे आषाढीत पंढरीकडे वळतात. मतमाउली म्हणजे येशूची आई मरिया. तिला माउली म्हणायला आम्हाला कुणा परदेशी मिशनऱ्याने शिकवावे लागले नाही. जो शब्द या मातीने ज्ञानोबांना दिला, तोच तिने मरियेलाही दिला.

आईच्या मंगळसूत्रात वाट्यांच्या जागी लहानसा क्रूस आहे. नाताळात केक येतो तो बेकरीतून. करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या मात्र घरच्या. होळीला शेजारून पुरणपोळी येते, आणि ताट रिकामे परत पाठवू नये हा नियम आमच्या घरीही तितकाच कडक आहे. ही झाली आमची 'संस्कृती'. तिच्यात परके काय आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

परकेपणाचा आरोप मात्र जुना आहे, आणि त्याला उत्तरही जुनेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने इथली भाषा शिकून घेतली आणि येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, म्हणजे शिवजन्माच्या चौदा वर्षे आधी. अक्षरे रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. आपला देव इथल्या माणसाला सांगायचा तर तो त्याच्याच जात्यावरच्या लयीत सांगावा लागतो, हे त्या परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी उमगले होते.

पण मित्रहो, एवढेच सांगून थांबले तर तो इतिहासावर अन्याय होईल. त्याच गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. धर्माच्या नावाने माणसांना कोठडीत घालणारी, त्यांचे सणवार आणि चालीरीती तपासणारी ही न्यायसभा शेवटी १८१२ साली बंद झाली. १६८४ साली तर पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ओवी लिहिणाराही ख्रिस्तीच आणि ती जीभ कापू पाहणाराही ख्रिस्तीच! मग फरक कुठे पडला? माझ्या मते तो इथे पडला: स्टीफन्स शेजारी म्हणून बोलत होता, आणि हुकूम काढणारा सत्ताधीश म्हणून. धर्माच्या हाती राजदंड आला की तो देवाचे नाव घेऊन देवाच्याच लेकरांना मारतो. ही गोष्ट एकट्या ख्रिस्ती धर्माची नाही, पण मी ख्रिस्ती असल्यामुळे ती प्रथम माझ्या घरातली म्हणून सांगितली पाहिजे. खुंटीचा सल्ला देणाऱ्यांचे जे अर्धे खरे आहे, ते हेच.

पुढे कॅथॉलिक चर्चला स्वतःलाही बरेच काही शिकावे लागले. १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जगभरच्या उपासनेत लोकभाषांना जागा दिली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ज्या पिढीने लहानपणी न कळणाऱ्या शब्दांपुढे गुडघे टेकले, त्याच पिढीला पुढे वेदीवरून मराठी ऐकू आले. १९६५ च्या एका घोषणेत याच परिषदेने, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असेही स्पष्ट केले. आणि आणखी एका दस्तऐवजात, राजकारण ही अवघड पण थोर कला आहे आणि जे तिला लायक आहेत त्यांनी स्वतःला तिच्यासाठी घडवावे, अशा आशयाचे विचार मांडले.

इथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. १९८३ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूला शासनाचे अधिकारपद घेण्यास मनाई आहे आणि पक्षाच्या कारभारात पडण्यावरही बंधन आहे. पण साध्या श्रद्धावंताला, म्हणजे माझ्या आईवडिलांना आणि मला, ती मनाई नाही. फादरांनी आमदार होऊ नये. पण गावातल्या अन्यायावर फादरांनी, सिस्टरांनी किंवा आम्ही गप्प बसावे असे कुठेही म्हटलेले नाही. थोडक्यात, सत्ता मागणारी श्रद्धा वेगळी आणि शेजाऱ्यासाठी उभी राहणारी श्रद्धा वेगळी. खुंटीला टांगायची ती पहिली. दुसरी टांगली तर माणूस बाहेर पडतो खरा, पण रिकामाच बाहेर पडतो.

आता मुळशीच्या मातीने बोलावे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथला सत्याग्रह सुरू झाला तो १६ एप्रिल १९२१ रोजी. त्या दिवशी रामनवमी होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध पडणार होता, पन्नासेक गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती आणि ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण व्हायची होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांच्यामागे मावळ्यांच्या बायकापोरांसकट गावे उभी राहिली. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झालेच. आपल्या तालुक्याच्या इतिहासातले हे पान आपण सर्वांनी वाचलेले आहे. पण त्यातला रामनवमीचा मुहूर्त आपण सहसा वाचून पुढे जातो. त्या दिवशी कुणी मावळ्यांना म्हणाले का, की रामाला देव्हाऱ्यात ठेवा आणि मगच बांधावर या? भिणाऱ्या माणसाला बंदुकीपुढे बसण्याचे बळ कुठून तरी आणावेच लागते. त्यांनी ते जिथून मिळत होते तिथून आणले.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्याकडे मावळ्यांच्या जमिनी गुंतल्या होत्या अशा पुण्याच्या सावकार-जमीनदारांतल्या अनेकांना भरपाईचा पैसा हवा होता. त्यांचाही देव रामच होता! तेव्हा नुसत्या धर्माने माणूस योग्य बाजूला जाऊन बसत नाही. देव एकच असून एक जण बांधावर बसतो आणि दुसरा भरपाईच्या रांगेत. म्हणूनच 'धर्म राजकारणात यावा की न यावा' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तो आला तर कोणाच्या बाजूने आला, हे विचारले पाहिजे.

कॅथॉलिकांपुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तम उत्तर महाराष्ट्रात वसईने दिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांना मोकळा होऊ लागला. केळी, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या त्या पट्ट्यातले विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाई, जमिनी दडपणाने विकल्या जात आणि विरोध करणाऱ्याला गुंडांची भीती असे. त्या वेळी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे उभे राहिले. 'फादरांनी चर्च सांभाळावे,' असे त्यांनाही ऐकवले गेले असणार. असे म्हणणारे सर्वत्र असतात. पण विहिरीला बाप्तिस्मा नसतो. ती खारी झाली की ख्रिस्ती वाडीवाल्याची केळ जशी करपते तशीच हिंदू वाडीवाल्याचीही करपते. म्हणून त्या चळवळीत दोघेही होते, आणि म्हणूनच ती धर्माची चळवळ न होता पाण्याची चळवळ झाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे रडणे आणि गरिबाचे रडणे एकच आहे असा विचार जगापुढे ठेवला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. वसईच्या शेतकऱ्याने तो त्याच्या पाव शतक आधी आपल्या रहाटाच्या आवाजावरून ओळखला होता.

हेच दिब्रिटो १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. 'सुबोध बायबल' या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कशाला, असा विरोधाचा सूर काही ठिकाणी निघालाच. ज्या भाषेने 'ख्रिस्तपुराण' पचवले, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळकांना आपले म्हटले, आपल्याच जिल्ह्यात केडगावी बसून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंना जन्म दिला, त्या भाषेला एक फादर जड व्हावा? (टिळक आणि रमाबाई आमच्या पंथाचे नव्हते, पण भाषेचे नाते पंथ विचारून लागत नाही.) २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटोंचे निधन झाले तेव्हा शोक केवळ चर्चच्या चार भिंतींत राहिला नाही, हीच त्या विरोधाला मिळालेली उत्तराची पावती म्हणावी लागेल.

दुसरे उदाहरण आमच्या आजोळाकडचे, म्हणजे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर, लोकांचे 'बाखर बाबा', यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. गावाने श्रमदान करावे, डोंगरावर चराई थांबवावी, झाड तोडू नये, अशा अटी गावानेच स्वतःला घालून घ्यायच्या असे ते काम. डोंगरमाथ्यावर चर खणला की पाणी मुरते आणि पायथ्याची विहीर भरते. त्यात मिस्सा नाही की प्रवचन नाही. पण शेजाऱ्याच्या विहिरीत पाणी आणणे ही प्रार्थना नाही असे म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

वसई आणि नगर लांब राहिले. मुळशीत आज काय आहे? एकेकाळी धरणाने घेतलेल्या जमिनी होत्या, आज डोंगर कापून उठणारे बंगले आहेत. हिंजवडीच्या उंच इमारतींना टँकर पाणी पाजतात. आणि पिरंगुट-उरवडे भागात कारखाने आहेत, ज्यांच्यावर माझ्या घरासारखी शेकडो घरे चालतात. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कंपनीत आग लागली आणि १७ कामगारांचा मृत्यू झाला. त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. सकाळी डबा बांधून, पोरांना जेवायला सांगून निघालेल्या आया. त्यांचा धर्म कोणता, हे त्या दिवशी कुणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. पण त्यानंतर आपण काय केले? मेणबत्त्या लावल्या, फोटो काढले, श्रद्धांजलीचे फलक लावले. मेणबत्ती लावायला मीही तयार आहे. आमच्या धर्मात तर तिची सवयच आहे. पण बाहेर पडायला दुसरे दार होते का, साठवलेल्या मालाची तपासणी शेवटची कधी झाली होती, आत काम करणाऱ्या बाईला आग विझवायचे शिक्षण कुणी दिले होते का, हे प्रश्न मेणबत्तीच्या उजेडातच विचारायचे असतात. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी परिपत्रक काढले. मजुराला त्याचे घर चालेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, असे त्यात आवर्जून सांगितले आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी 'चौदावे लिओ' हे नाव घेतले, तेही त्या परंपरेची आठवण ठेवून. सव्वाशेहून अधिक वर्षे चर्च हे सांगते आहे, आणि आमच्याकडे ठेकेदारी कामगार बाई हजेरीपुस्तकातही नीट नसते. माझी श्रद्धा मला या गोष्टीवर बोलू देणार नसेल तर ती श्रद्धा कशाची?

आता घरातले थोडे कडू सांगते. येशूसमोर जात नसते, असे आम्हाला लहानपणापासून शिकवतात. पण जात आमच्या आजोबांच्या मागे चर्चच्या दारापर्यंत आली आणि कित्येक ठिकाणी दारातून आतही शिरली. २०१६ साली भारतातल्या कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही भेदभाव आणि अस्पृश्यता आहे ही गोष्ट तिने स्वतःच मान्य केली. दलित समाजातले पहिले कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, यांना तो मान मिळाला २०२२ साली. ख्रिस्ती धर्म या देशात येऊन इतकी शतके झाल्यावर! ज्यांना दुसऱ्याच्या धर्मातली विषमता चटकन दिसते अशा आमच्या लोकांनी हा सालांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सरकारचे वागणेही सरळ नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. १९५६ साली शिखांसाठी आणि १९९० साली बौद्धांसाठी ते दार उघडले. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेरच राहिले. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. पण दलितांवरील अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण नाही. परिणाम काय होतो? कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि काळजात दुसरा असा संसार चालतो. रविवारी मिस्सा आणि सोमवारी दाखल्यावर वेगळेच. लोक त्यांना खोटे म्हणतात. मला वाटते, गावाने ज्याला जातीवरून ओळखायचे सोडले नाही त्याला कायद्याने मात्र 'तुझी जात गेली' असे सांगणे, हेच मोठे खोटे आहे. माणसाला भाकरी आणि प्रार्थना यांतले एक निवडायला लावू नये.

माझ्या वडिलांचे मत याहून वेगळे आहे आणि ते मला सांगितलेच पाहिजे. ते म्हणतात, 'आपण थोडे आहोत. भाड्याने राहतो. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात.' त्यांच्या भीतीला कारणे आहेत. आम्ही खोली बदलत होतो तेव्हा एका घरमालकाने भाडे ठरवले, अनामत ठरवली आणि भिंतीवर कोणता फोटो लावणार ते कळल्यावर 'पाहुणे येणार आहेत' असे सांगून खोली नाकारली. बोलण्याची किंमत किती जड असू शकते हेही आम्ही वर्तमानपत्रांतून वाचले आहे. आदिवासींमध्ये काम करणारे ८३ वर्षांचे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, आणि खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात कोठडीतच त्यांचे प्राण गेले. वडिलांनी ती बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांना काय वाटले असेल ते मला कळते.

तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि हे त्यांचा पूर्ण मान राखून लिहिते. गप्प बसणाऱ्याला लोक आपला म्हणत नाहीत. फार तर विसरतात. ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत आहे तो ग्रामसभेचा सभासद असतो. सातबारा असो वा भाडेपावती. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते तेव्हा आमच्या वाडीच्या नळाचा, कारखान्याच्या सांडपाण्याचा आणि रात्रपाळीहून येणाऱ्या बायकांच्या अंधाऱ्या रस्त्याचा प्रश्न मांडायला धर्मांतर करावे लागत नाही, आणि धर्म लपवावाही लागत नाही. येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला पाहून देवळाचे अधिकारी बाजूने निघून जातात आणि परक्या जातीचा, हलका समजला जाणारा शोमरोनी मात्र थांबतो. त्याची श्रद्धा त्याने खुंटीला टांगली नव्हती. ती त्याच्या हातांत उतरली होती.

माझ्या समाजबांधवांना म्हणून माझे तीन शब्द आहेत. निवडणूक आली की नाताळच्या केकसाठी येणाऱ्या पुढाऱ्याला केक जरूर द्यावा, पण त्याच टेबलावर पाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्नही ठेवावा. मत कोणाला द्यायचे हे फादरांना विचारू नये आणि फादरांनी सांगूही नये. आणि धर्माचा प्रसार हा राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिलेला हक्क असला तरी दुसऱ्याच्या गरजेचा फायदा घेऊन केलेला प्रसार हा त्या हक्काचा अपमान आहे, हे आपणच आपल्याला बजावावे.

माझ्या इतर वर्गमित्रांनाही एक सांगणे आहे. सिस्टरांच्या दवाखान्यात गेलेली प्रत्येक बाई आमिषाला बळी पडली असे समजू नका. ती आजारी होती म्हणून गेली. गरिबाला स्वतःची अक्कल नसते, असे गृहीत धरल्याशिवाय तो आरोप करताच येत नाही. आमच्याकडे केवळ सहन करण्याच्या नजरेने पाहू नका. सहन तर माणूस उन्हाळाही करतो! आम्हाला हवा आहे तो शेजार, आणि शेजारात भांडणही आलेच. आमच्या चर्चचे चुकले तर तोंडावर सांगा, तुमच्या मंडळाचे चुकले तर आम्हीही सांगू, आणि टँकर न आल्यास दोघे मिळून ग्रामपंचायतीत जाऊ.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीची भातखाचरे बुडाली ती कोणत्या देवाची होती, हे पाण्याने विचारले नाही. पुढे जे काही या तालुक्यावर येईल, मग ती आग असो, तहान असो वा बुलडोझर असो, तेही विचारणार नाही. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या देवाकडून बळ घ्यावे आणि बांधावर यावे. कोणाचा देव मोठा हा वाद त्यानंतर, सवडीने घालता येईल.